खामगावला संपणारे रूळ

गेल्या उन्हाळ्यात पुण्याहून आलेल्या भाच्याला घेऊन मी जलंबहून खामगावला छोट्या गाडीने गेले. रस्त्याने जाणे सोपे पडले असते. पण त्याला गाडीत बसायचे होते आणि मलाही बऱ्याच वर्षांनी त्या फाट्यावरून जायचे होते. दुतर्फा नांगरून टाकलेली काळी शेते, ढेकळांवरून उठणारी उन्हाची थरथर, खिडकीच्या तापलेल्या गजाचा हाताला बसणारा चटका, आणि जेमतेम तेरा किलोमीटर झाले नाहीत तोच स्थानक. मुलगा उतरला, फलाटाच्या टोकापर्यंत चालत गेला आणि परत आला तो प्रश्न घेऊनच. ‘मावशी, रूळ इथे संपलेत. गाडी पुढे का जात नाही? पुढे गावं नाहीत का?’ पुढे गावे आहेत. चिखली आहे, देऊळगाव राजा आहे, त्यापलीकडे जालना आहे. खामगाव-जालना मार्गाची मागणी पिढ्यानपिढ्या चालू आहे. हे सगळे मी त्याला सांगू लागले, तेवढ्यात चहाच्या टपरीवरचे एक म्हातारे गृहस्थ मध्येच म्हणाले, ‘बाप्पू, थे गाडी कापूस न्याले आलती. मान्सं न्याले नाई.’ आणि त्यांनी पुन्हा बशीत चहा ओतला.

मुलाचे समाधान झाले. लहान मुलांना छोटी उत्तरे पुरतात. माझे झाले नाही. म्हातारबांचे वाक्य खरे होते, हे मला ठाऊक होते. १८७० च्या मार्च महिन्यात व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी स्वतः येऊन हा फाटा सुरू केला, तेव्हा खामगाव ही कापसाची मोठी बाजारपेठ होती आणि मुंबई-नागपूर हा मुख्य मार्ग तिला थोडक्यासाठी चुकवून गेला होता. एवढ्याशा लांबीच्या लोहमार्गासाठी हिंदुस्थानचा सर्वोच्च अधिकारी वऱ्हाडातल्या एका बाजारगावी येतो, यात त्या काळाचा सगळा अग्रक्रम दिसतो. पण ‘कापूस न्यायला आली’ एवढ्याने गोष्ट पुरी होत नाही. कापूस तर त्याआधीही जात होता, राज्येही त्याआधी जिंकली जात होती. मग वाफ, लोखंड आणि तार आल्यावर असे काय बदलले, की एरवी दूरवर कुठेतरी असलेले राज्य आमच्या शेतातल्या बोंडापर्यंत येऊन पोचले?

साम्राज्य म्हटले की आपल्याला तोफा आठवतात. शाळेत तसेच शिकवले आहे: त्यांच्याकडे तोफा होत्या, शिस्त होती, आपण आपसांत भांडत होतो. वऱ्हाडाच्या बाबतीत ही गोष्ट नीट बसत नाही. १८०३ च्या सप्टेंबरमध्ये, आजच्या जालना जिल्ह्यातल्या असई गावाजवळ आर्थर वेलस्लीची गाठ शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी पडली, तेव्हा शिंद्यांच्या तोफा इंग्रजांच्या तोफांच्या तोडीच्या होत्या. वेलस्ली जिंकला, पण मेलेल्या आणि जखमी झालेल्या माणसांची त्याच्याकडची संख्या दीड हजारांच्या वर गेली, आणि पुढे वॉटर्लू जिंकलेल्या या माणसाने आपली सर्वांत सरस लढाई म्हणून असईचेच नाव घेतले असे सांगतात. त्यानंतर नोव्हेंबरात अडगाव, डिसेंबरात गाविलगड. एवढे रक्त सांडून झाल्यावर वर्धा नदीच्या पश्चिमेचे वऱ्हाड इंग्रजांनी घेतले का? नाही. ते त्यांनी निजामाला देऊन टाकले. जिंकण्याएवढी ताकद होती. ठेवून घेऊन त्याचे काय करायचे, याचे साधन अजून हातात नव्हते. पन्नास वर्षांनी, १८५३ मध्ये, डलहौसीने तेच वऱ्हाड निजामाकडून एका तहाने काढून घेतले. हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चाची थकबाकी हे कारण पुढे केले होते. एकही तोफ उडाली नाही. आणि याच वर्षीच्या १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली.

या दोन घटना एकाच वर्षात घडणे हा निव्वळ योगायोग मानायला मी तयार नाही. रेल्वे कुठून कुठे जावी, याविषयी डलहौसीने त्याच वसंतात लिहिलेल्या टिपणात इंग्लंडला लागणाऱ्या कापसाचा विषय अगदी उघडपणे आहे.

कापसाची खरी अडचण कोणती, हे मला पुस्तकातून कळायच्या आधी अंगाला कळले होते. माझ्या लहानपणी एकाधिकार खरेदीचे, म्हणजे सगळा कापूस सरकारलाच विकायचा, असे दिवस होते. दिवाळीनंतर खरेदी केंद्राबाहेर बैलगाड्यांची रांग लागे, मामा दोन-दोन रात्री गाडीखाली झोपत, आणि आम्हा मुलांना डबा घेऊन जाण्याच्या निमित्ताने त्या गाडीतल्या कापसावर लोळायला मिळे. बाहेर पहाटेची थंडी, आणि कापसात शिरले की उबदार, किंचित तेलकट, सरकीचा आणि धुळीचा मिळून एक वास. गाडी उंच भरलेली असे, दांड्यांना पोती बांधून कापूस कसाबसा कोंबलेला असे, पण वजन करायला घेतले की आकडा नेहमीच अपेक्षेपेक्षा कमी निघे. कापूस हा असा आहे: जागा फार घेतो, वजन कमी देतो. मग जिनात त्याची सरकी निघे, रेच्यांच्या रांगेपुढे बसलेल्या बायकांच्या तोंडावर पदर बांधलेला असे आणि पापण्यांवर पांढरे तंतू. त्यापुढे प्रेस. खोल लोखंडी पेटीत माणसे रुई पायांनी तुडवत, मग वरून दट्ट्या उतरे, आणि ज्या ढिगात आम्ही कमरेएवढे बुडलो असतो त्याचे दगडासारखे कठीण गाठोडे होऊन बाहेर येई. त्यावर बारदान, त्यावर लोखंडी पट्ट्या. मी त्या गठाणीवर मूठ आपटून पाहिली होती, मूठ दुखली. कापूस दुखवू शकतो, हे तेव्हा पहिल्यांदा कळले.

रेल्वेपूर्वी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून जाई. अमरावतीहून मिर्झापूरपर्यंत, म्हणजे सुमारे पाचशे मैल, वणजाऱ्यांचे तांडे तो पोत्यांतून नेत आणि तिथून गंगेतल्या नावांमधून तो कलकत्त्याला उतरे. वाटेत धूळ बसे, दव पडे, अवकाळी आला की पोती भिजून दुप्पट जड होत, चोऱ्या होत, बैल मरत. वाहतुकीचा खर्च मालाच्या किमतीवर असा चढे की लिव्हरपूलच्या बाजारात अमेरिकी कापसापुढे त्याचा टिकाव लागत नसे. म्हणजे आमचा कापूस आमच्याच जवळ राहण्यामागे कोणाचे धोरण नव्हते, कोणाचा पराक्रम नव्हता. त्याच्या फुगीरपणामुळे आणि बैलाच्या चालीमुळे तो इथे राही, गावातल्या बाया तो कातत, कोष्टी आणि महार विणकर त्याचे जाडेभरडे कापड विणत. अंतर हेच आमचे संरक्षण होते. ते आम्हाला कोणी दिलेले नव्हते, म्हणून काढून घेतले जाताना त्याचे नावही कोणी घेतले नाही.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, दक्षिणेकडची बंदरे उत्तरेच्या आरमाराने अडवली आणि लँकेशायरच्या गिरण्या कापसावाचून बंद पडू लागल्या. मग मुंबईकडे डोळे लागले. पश्चिम हिंदुस्थानच्या साऱ्या कापसाला तिकडे ‘सुरत’ म्हणत, आणि तो आखूड धाग्याचा, कचऱ्याने भरलेला, वारंवार तुटणारा माल तिथल्या कामगारांना मुळीच आवडत नसे. गिरणीकामगारांच्या प्रार्थनासभेत कोणी ‘देवा, कापूस पाठव’ म्हटले तर मागून दुसरा ‘पण सुरतचा नको’ म्हणे, अशी गोष्ट सांगतात. तरीही भाव चौपटीच्या वर गेले. मुंबईत सोन्याचा पूर आला, बॅकबेच्या समुद्रात भर घालणाऱ्या कंपन्यांच्या कागदांवर लोकांनी घरे गहाण टाकली, प्रेमचंद रायचंद यांचे नाव सर्वतोमुखी झाले. १८६५ मध्ये यादवी संपल्याची बातमी आली आणि ते सगळे कोसळले. हा भाग मराठी वाचकाला नवा नाही. मला त्यातली एकच गोष्ट सलते. भाव वर असताना सावकाराने शेतकऱ्याला उदार हाताने कर्ज दिले, सरकारने त्या भावांकडे पाहून सारा वाढवला. भाव उतरले तेव्हा कर्जही उतरले नाही आणि साराही उतरला नाही. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली, त्याची एक मुळी अमेरिकेतल्या एका लढाईच्या मैदानात होती. सुप्याच्या त्या माणसांपैकी कोणी ते ठिकाण नकाशावर पाहिलेले असणे शक्य नाही.

मधल्या काळात घाट फोडला जात होता. पुण्याहून मुंबईला जाताना खंडाळ्याच्या बोगद्यांत गाडी शिरली की आजही डब्यातली मुले ओरडतात. मीही ओरडले आहे. पावसाळ्यात तर बोगदा संपला रे संपला की एकदम हिरवा उजेड अंगावर येतो, धबधब्याचे तुषार खिडकीतून आत येतात, चिक्कीवाला दारात उभा असतो, आणि त्या क्षणी मनात कोणताही इतिहास नसतो. नंतर मात्र आकडे आठवतात. १८५६ मध्ये काम सुरू झाले, १८६३ मध्ये बोरघाटातून गाडी वर आली. पंचवीस बोगदे, सुमारे साडेपाचशे मीटरची चढण, सदतीस फुटांमागे एक फूट असा चढ. डायनामाइटचा शोध अजून लागायचा होता. कातळ फोडायचा तो साध्या दारूने आणि पहारीने. कड्यावरून दोरांनी माणसे खाली सोडत, ती लोंबकळत सुरुंगाची भोके पाडत. १८६१ च्या सुमारास बेचाळीस हजार माणसे या एका चढणीवर राबत होती. पटकी आणि ताप यांनी किती मेली याची नोंद कोणी नेटकी ठेवली नाही. चोवीस-पंचवीस हजार असा अंदाज दिला जातो. मजुरी थकली म्हणून जानेवारी १८५९ मध्ये कर्जतजवळ मजुरांनी दंगा केला, गोऱ्या देखरेख्यांवर ते धावून गेले, आणि त्याचा परिणाम म्हणून पुढच्या वर्षी मालक-मजूर तंट्यांसाठी कायदा झाला. फॅव्हिएल या कंत्राटदाराने काम सोडले, त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल काही आठवड्यांतच आजाराने मेला, मग त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट पुरे केले. मुख्य अभियंता बर्कली यांचे नाव पुस्तकांतून येते, अ‍ॅलिसची कथाही हल्ली कौतुकाने सांगितली जाते, आणि ती सांगण्यासारखी आहेच. दोरावर लोंबकळणाऱ्यांपैकी एकाचेही नाव मला कुठे वाचायला मिळालेले नाही.

हे सारे ज्या पैशाने झाले त्याची व्यवस्था मला बोगद्यांपेक्षाही अजब वाटते. लंडनमधल्या भागधारकांना कंपनीच्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी होती, जमीन फुकट, कमाई कमी पडली तर तूट हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरायची. मग काटकसर करावी कोणी आणि कशासाठी? रूळ तिकडून आले, इंजिने तिकडून आली, काही ठिकाणी तर रुळांखालचे लाकडी स्लीपरही तिकडून जहाजांत घालून आणले. दख्खनच्या शेतकऱ्याच्या साऱ्यातून लंडनच्या एखाद्या भागधारकाचा निश्चिंत म्हातारपणा पोसला जात होता, हे वाक्य कोणाला भावनाप्रधान वाटेल. दादाभाई नौरोजींनी आणि सोलापूरच्या गणेश व्यंकटेश जोशींनी हीच गोष्ट भावना न आणता, आकडे मांडून सांगितली होती.

आता १८६९ च्या नोव्हेंबरकडे या.

१७ नोव्हेंबरला सुएझचा कालवा उघडला आणि मुंबई-इंग्लंड हा जलमार्ग आफ्रिकेला वळसा न घालता सुमारे चाळीस टक्क्यांनी आखडला. अरुंद आणि वाऱ्याची खात्री नसलेला तो कालवा शिडाच्या जहाजांच्या कामाचा नव्हता. ती वाट आगबोटींचीच होती. १८७० च्या आरंभी त्या काळचे जगातले सर्वांत मोठे जहाज, ‘ग्रेट ईस्टर्न’, मुंबईत आले आणि एडनपर्यंत समुद्राच्या तळाशी तार अंथरत गेले. मार्चच्या पहिल्या आठवड्यात लॉर्ड मेयो खामगावला आले. त्याच दिवसांत जबलपूरजवळ मुंबई आणि कलकत्ता यांच्या बाजूंचे रूळ जोडले गेले. जूनमध्ये मुंबई ते इंग्लंड ही समुद्री तार पुरी झाली. नोव्हेंबर ते जून, आठ महिने. एवढ्या काळात वऱ्हाड आपल्या जागेवरून एक इंचही न हलता लिव्हरपूलच्या वेशीवर जाऊन बसले. ज्यांनी हे घडवले त्यांच्यापैकी पुष्कळांना एकमेकांची नावेही ठाऊक नसतील. कालवा फ्रेंचांच्या पुढाकाराने खणला गेला, तारेवरचा गटापर्चा मलायातल्या झाडांचा चीक होता, इंजिनातला कोळसा वेल्सचा, घाट फोडणारे हात देशावरचे. कोणा एकाने बसून आखलेली ही योजना नव्हती, आणि म्हणून ती अधिक भीतिदायक वाटते. एकेक साधन स्वतंत्रपणे आले, आणि एकमेकांत असे अडकले की त्यांच्यामधून निसटायला फट राहिली नाही.

योजना अजिबात नव्हती असेही मात्र म्हणवत नाही. त्या वेळी मध्य प्रांत आणि वऱ्हाडसाठी हॅरी रिव्हेट-कारनॅक नावाचा कापूस आयुक्त होता. कापसासाठी स्वतंत्र आयुक्त, हेच मुळी पुरेसे बोलके आहे. त्याने आपल्या अहवालात अगदी शांतपणे लिहिले आहे की या भागात रेल्वेचा फाटा आला तर विलायती कापड इथल्या कापडापेक्षा स्वस्त विकता येईल; मग जो कापूस आज इथे सूत कातण्यात खर्च होतो तोही निर्यातीला मिळेल, आणि कातण्या-विणण्यात गुंतलेली मोठी लोकसंख्या शेतमजुरीसाठी मोकळी होईल. मी हा मजकूर पहिल्यांदा वाचला तेव्हा शब्दांमध्ये द्वेष शोधत होते. तो नव्हता. हा माणूस एखादा पाट कुठून काढावा हे सांगावे तसे सांगत होता. तो ज्यांना मोकळे करणार होता त्यांतले कितीतरी पुढे खरोखरच मोकळे झाले, म्हणजे माग मोडून दुसऱ्याच्या शेतात निंदायला गेले. दंडेलीने कोणी माग मोडायला आले नाही. बाजारात मँचेस्टरचे तलम धोतर हातमागाच्या धोतरापेक्षा स्वस्त मिळू लागले एवढेच, आणि ते धोतर घेणारे आमचेच लोक होते. माझे खापरपणजोबा त्यात असतील, याविषयी मला शंका नाही.

तारेचे काम आणखी सूक्ष्म होते. पूर्वी विलायतेतला भाव पत्राने कळायला महिना जाई. तेवढ्यात इथला व्यापारी, दलाल, शेतकरी आपल्या अंदाजाने सौदा करत, चुकत, कधी जिंकत. आता सकाळचा भाव काही तासांत मुंबईला आणि तिथून खामगावला. विकणाऱ्याच्या हातातली अज्ञानाची सवलत गेली. विकत घेणाऱ्याच्या हातात मात्र ज्ञानाची सवलत आली, कारण तारऑफिसात जाऊन पैसे मोजणारा तो होता. मालाचा कसही बदलला. वऱ्हाडात पूर्वी ‘बनी’ नावाची लांब, मऊ धाग्याची कपाशी होती, हिंगणघाटचा कापूस तर नावाजलेला. पण व्यापाऱ्याच्या ढिगात चांगला-वाईट एकत्र होणार आणि भाव वजनावर मिळणार, तर शेतकऱ्याने कसाकडे का पाहावे? जाड, आखूड धाग्याची, भरपूर उतारा देणारी ‘जरी’ पसरत गेली. नंतर साहेबांचे अहवाल तक्रार करू लागले की इथला शेतकरी अडाणी आहे, त्याला चांगल्या कपाशीची कदर नाही. त्याने हिशोब अगदी बरोबर केला होता.

कपाशी वाढली तशी ज्वारी आक्रसली. गावोगावी जमिनीखाली ज्वारीची पेवे असत. दोन वाईट वर्षे निभावतील एवढे धान्य त्यांत राही. पेव उघडले की येणारा तो कोंदट, आंबूस वास माझ्या आजीला आठवत असे, आणि पेवात लगेच उतरायचे नाही, आधी कंदील सोडून पाहायचा, हेही ती सांगे. स्थानक जवळ आल्यावर धान्य साठवण्यापेक्षा विकणे फायद्याचे झाले. रेल्वेने दुष्काळात अन्न आणले, हे खरे आहे. १८८० च्या दुष्काळ आयोगाने रेल्वे वाढवण्याची शिफारस केली ती याच भरवशावर. पण गाडी धान्य भुकेकडे नेत नाही, भावाकडे नेते. ज्याच्या हाताला काम नाही आणि कनवटीला पैसा नाही, त्याच्या गावातून ते बाहेर जाताना त्याने पाहायचे. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडात माणसे मेली ती धान्य पोचवण्याची सोय नव्हती म्हणून नव्हे. तोवर रूळही होते, ताराही होत्या.

एवढे लिहिल्यावर मला थांबून दुसरी बाजू मांडलीच पाहिजे, कारण ती माझ्या घरातली आहे. आजीने आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रवास केला तो याच मार्गावरून, पंढरपूरचा. आणि शेगावची वारी तर जलंबच्या पुढच्याच स्थानकावर. लोकमान्यांचा ‘केसरी’ खेड्यात पोचला तो मेलगाडीने. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल काढली ती कापूस जवळ आणि रेल्वे दाराशी म्हणून. त्या गिरणीत, वऱ्हाडातल्या जिनांत आणि रेल्वेच्या कामांवर महार समाजातली माणसे गेली, तेव्हा गावकीची, वतनाची बेडी सोडून रोख मजुरी हातात घेण्याची संधी त्यांना मिळाली. विदर्भातल्या दलित चळवळीच्या उभारणीत या कामगारांचा वाटा मोठा आहे. ज्याचा माग रेल्वेने मोडला त्याच्याच नातवाला रेल्वेने गावाबाहेर काढले. या दोन गोष्टींची वजाबाकी करून एक आकडा काढता येत नाही, आणि तसा काढणाऱ्यांचा मला विश्वास वाटत नाही, मग ते कोणत्याही बाजूचे असोत.

घरी परतल्यावर एका लग्नाच्या पंगतीत हा विषय निघाला. माझे एक काका रेल्वेतून निवृत्त झाले आहेत. इंजिनाविषयी ते देवाविषयी बोलावे तसे बोलतात. ‘इंग्रज आले नसते तर तुझ्या खामगावला अजून बैलगाडीच असती,’ ते म्हणाले. मी म्हटले, काका, जपानमध्ये इंग्रजांचे राज्य नव्हते. तिथे टोकियो-योकोहामा मार्ग १८७२ मध्ये सुरू झाला. अभियंता इंग्रज होता, कर्ज लंडनच्या बाजारातून काढले होते, इंजिनेही इंग्लंडची. पण मार्ग सरकारच्या मालकीचा, आणि कुठे न्यायचा ते ठरवणारे लोक टोकियोचे. यंत्रे आमच्याही मुंबईत आली, कावसजी दावर यांनी १८५४ मध्येच गिरणीची कंपनी काढली. मग ती गिरणी लँकेशायरशी स्पर्धा करू लागल्यावर काय झाले? १८९६ मध्ये हिंदुस्थानातल्या गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी बसवली, का तर विलायती कापडावरच्या आयातकराचा फायदा इथल्या गिरण्यांना मिळू नये. ती १९२५ अखेरपर्यंत चालू राहिली. बोरघाट फोडला तेव्हा खंडाळ्याचा कातळ आडवा आला होता. आमची यंत्रे सुरू झाल्यावर कातळ कागदाचा करावा लागला.

काका जिलबी बाजूला ठेवून ऐकत होते. ते म्हणाले, ‘जपानचं म्हणतेस. मग सोलपासून पुसानपर्यंतची लाइन कोणी टाकली?’ त्यांना ठाऊक होते, मलाही होते. ती जपान्यांनी टाकली, १९०५ मध्ये ती सुरू झाली, आणि पाच वर्षांत कोरिया जपानच्या साम्राज्यात होता. तांदूळ रुळांवरून पुसानच्या बंदराकडे जाऊ लागला, आणि उलट दिशेने ओसाकाच्या गिरण्यांचे कापड कोरियाच्या खेड्यांत उतरू लागले. तिथल्या बायकांचे माग बंद पडले. लँकेशायरने यादवी संपताच पुन्हा अमेरिकी कापूस धरला होता आणि आमचा आखूड धागा सोडून दिला होता. पण १८९३ मध्ये टाटांच्या साहाय्याने मुंबई-कोबे जहाजमार्ग सुरू झाल्यापासून जपान हिंदुस्थानी कापसाचा बडा गिऱ्हाईक झाला होता. खामगावच्या प्रेसमध्ये बांधलेल्या गठाणी त्या जहाजांत चढत. ज्या स्वस्त कापडाने कोरियातल्या विणकरणींना मोकळे केले, त्याच्या सुतात आमच्या वऱ्हाडची जरी कपाशी मिसळलेली होती.